कोळंबी, शेवंड, शंखातला खेकडा आणि चिंबोरी: शेपटीचे स्नायू एका तक्त्यात कसे बसवायचे?

खंडपाद

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चार डेकॅपॉडांच्या (दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांच्या) उदराच्या, म्हणजे शेपटीच्या, स्नायूंची तुलना करायची आहे. टायगर कोळंबी म्हणजे पिनियस मोनोडॉन, मुंबईच्या बाजारात येणारी शेवंड म्हणजे पॅनुलिरस पॉलिफेगस, क्लिबॅनारियस वंशातला शंखातला खेकडा आणि खाडीतली मोठी चिंबोरी, म्हणजे सिला.

गाडी तीन ठिकाणी अडली आहे. सोललेली कोळंबी उभी चिरली की आत पिळलेल्या दोरखंडासारखं मांस दिसतं. आकृतीत सुटे दाखवलेले पट्टे प्रत्यक्षात कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ते उमगत नाही. फ्लेक्सर म्हणजे शेपटी पोटाकडे वळवणारा स्नायू, एक्स्टेन्सर ती सरळ करणारा; दोन्हींत झटक्याचा जलद आणि सावकाश आखडणारा मंद असे प्रकार. त्यातले मंद फ्लेक्सर आणि मंद एक्स्टेन्सर चारपैकी एकाही नमुन्यात सापडले नाहीत. आणि चिंबोरीची शेपटी म्हणजे छातीखाली दुमडलेली झडप. तिच्यात वजन करण्याजोगं काही निघतच नाही, तर त्या ओळीत लिहायचं काय?

सध्याचे रकाने: फ्लेक्सरचं वजन, एक्स्टेन्सरचं वजन, दोन्हींचं गुणोत्तर. कोळंबी आणि शेवंड गोठवलेल्या, कोळंबी सोललेली.

---

टेल्सन

दुसऱ्या अडचणीचं कारण तुमच्या शेवटच्या शब्दात आहे: सोललेली. मंद फ्लेक्सर हा पोटाकडच्या मऊ पापुद्र्याला आतून चिकटलेला जेमतेम पातळ थर असतो. मंद एक्स्टेन्सर तसाच पाठीच्या कवचाला आतून चिकटलेला. कोळंबी सोलताना हे थर बहुतेक सालीबरोबर कचऱ्यात जातात. हातात उरतं ते जवळजवळ सगळं जलद मांस. मंद थर बघायचा तर आख्खी, कवचासकट, ताजी कोळंबी हवी.

आता पिळाबद्दल. कवचाचे खंड एकमेकांना दोन्ही कुशींवर बिजागरीसारखे जोडलेले असतात, म्हणून शेपटी वरखाली वाकते, डावीउजवीकडे जवळपास नाही. बिजागरीच्या वर एक्स्टेन्सर, खाली फ्लेक्सर. ही एक रेघ डोक्यात ठेवली की निम्मा गोंधळ संपतो.

उघडायची ती पाठीकडून. पहिल्या ते सहाव्या खंडापर्यंत पाठीच्या कवचाला दोन्ही बाजूंनी, बिजागरीच्या किंचित वर, बारीक कात्रीने काप द्या. कात्रीचं टोक कवचाला आतून घासत राहिलं पाहिजे. ते खाली झुकलं की एक्स्टेन्सर कापलेच म्हणून समजा. मग कवच मागून पुढे न ओढता एकेक खंड करून उचला, आणि उचलताना बोथट सुईने खालचा थर सोडवत जा. कवचाच्या आतल्या बाजूला राहिलेल्या अर्धपारदर्शक पट्ट्या म्हणजे मंद एक्स्टेन्सर. कवच फेकू नका, उलटं करून बशीत ठेवा.

कवच निघाल्यावर मधोमध रक्तवाहिनी आणि तिच्या खाली आतडं, म्हणजे स्वयंपाकघरात आपण ओढून काढतो तो काळा दोरा. त्याच्या दोन्ही अंगांना जलद एक्स्टेन्सर. क्रेफिशमध्ये (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉब्स्टरसारखा प्राणी) याचे दोन भाग सहज ओळखता येतात: मधल्या रेषेजवळचा पीळ घातलेला आणि बाहेरचा सरळ. याच भागात दोन्ही बाजूंना एक्स्टेन्सरला समांतर जाणारे दोन-दोन अगदी बारीक स्नायूधागे असतात. ते ताण-संवेदक आहेत, अलेक्झांड्रोविझने १९५१ मध्ये वर्णन केलेले. नवखा माणूस ते फाटलेले तंतू समजून चिमट्याने उपटतो.

एक्स्टेन्सर बाजूला सारले की खाली फ्लेक्सरांचा डोंगर. इथले तिरपे पट्टे एका खंडाच्या पाठीच्या कडेला सुरू होतात, खाली उतरतात आणि एकदोन खंड ओलांडून पोटाकडे पकड घेतात. वाटेत ते मधल्या आडव्या पट्ट्याभोवती वळसा घालतात. दोरखंड दिसतो तो यामुळे. म्हणजे एका खंडात आडवा छेद घेतला तर त्यात शेजारच्या खंडांचे पट्टेही आलेले असतात. ‘तिसऱ्या खंडाचा फ्लेक्सर’ असा तुकडा कापून वजन करता येत नाही, हे तक्ता आखतानाच ध्यानात घ्या.

पट्टे सुटे करायला सुरी वापरू नका. बोथट सुई किंवा घासून गोल केलेली काचेची कांडी घ्या आणि तंतूंच्या दिशेने सरकवा. कुठे अडलं तर तिथे दुसरा पट्टा आडवा गेलेला आहे. जोर न लावता बाजू बदला.

शेवटचं: कुठला पट्टा कुणाचा, हे जागेवरून ठरवू नका, चेतातंतूवरून ठरवा. क्रेफिश आणि लॉब्स्टरमध्ये उदराच्या पहिल्या पाच गँग्लिऑनांतून (चेतारज्जूवरच्या चेतापेशींच्या गाठींतून) प्रत्येकी चेतातंतूंच्या तीन जोड्या निघतात. पहिली तरणपादांकडे (उदराखालच्या पोहण्याच्या पायांकडे), दुसरी एक्स्टेन्सर आणि संवेदकांकडे, तिसरी फ्लेक्सरांकडे. तिसरीची एक बारीक शाखा वरवरच्या मंद फ्लेक्सरला जाते, आणि तिच्यात फक्त सहा चेतापेशींचे धागे असतात: पाच उत्तेजक, एक रोधक. शाखा सापडली की मंद थर सापडलाच.

---

लुगोल

वजनांबद्दल. गोठवलेल्या मालावर काढलेलं गुणोत्तर बाद धरा. गोठताना बर्फाच्या कण्या तंतू फोडतात, वितळल्यावर पाणी सुटतं, आणि मोठ्या पट्ट्यापेक्षा पातळ पट्ट्यातून ते प्रमाणाने जास्त सुटतं. त्यात पाकिटातली कोळंबी बऱ्याचदा फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली असते. तिने पाणी धरून ठेवलेलं असतं, म्हणजे वजन उलट वाढलेलं. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील या आशेवर राहू नका.

ताजी कोळंबी बर्फाच्या काल्यात १५ ते २० मिनिटं ठेवा, मग डोकं लगेच वेगळं करा. डोक्यातल्या यकृत-स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं मागे झिरपतात आणि पहिला खंड पिठूळ करून टाकतात. तासभर डोक्यासकट राहिलेल्या कोळंबीत पहिल्या खंडाचे पट्टे सुटे होणं विसरा. सुटा केलेला पट्टा गाळणकागदावर टिपून ०.०१ ग्रॅमपर्यंत तोला. सगळ्या नमुन्यांना टिपण्याचा वेळ सारखा द्या, दहा सेकंद तर दहाच.

जलद-मंद वेगळे करायला मात्र वजनकाटा उपयोगाचा नाही. तिथे सार्कोमिअर मोजायचे, म्हणजे स्नायूतंतूवर एकापुढे एक दिसणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा एकेक घटक. क्रेफिशच्या जलद तंतूंत सार्कोमिअर साधारण २ ते ४ मायक्रॉन, मंद तंतूंत ६ पासून १० आणि पुढे. आतली रचनाही वेगळी असते. जलद तंतूत प्रत्येक जाड धाग्याभोवती सहा बारीक धागे, मंदात दहा-बारा. पण त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. लांबी तुमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर दिसते.

पद्धत अशी. शेपटी मेणाच्या थाळीत टाचण्यांनी सरळ ताणून बसवा, वाकलेलीही नाही आणि मागे मुडपलेलीही नाही. १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये थाळीसकट २४ तास. नळाच्या पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. नखाएवढा तुकडा ग्लिसरिनच्या थेंबात दोन सुयांनी विंचरा, वर काचपट्टी. कंडेन्सरचा पडदा जवळजवळ मिटवा, नाहीतर पट्टे दिसणार नाहीत. सलग दहा सार्कोमिअरची लांबी मोजून दहाने भागा. एका स्नायूतले किमान २० तंतू घ्या. जलद तंतूंना तेलातलं १०० पटींचं भिंग लागेल, मंदांना ४० चालतं. स्टेज मायक्रोमीटरने मोजपट्टी जुळवून घेतल्याशिवाय एकही आकडा लिहू नका.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे टाचण्या न मारता फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. शेपटी आपोआप आत वळते, फ्लेक्सर आखडलेल्या अवस्थेत पक्के होतात, सार्कोमिअर आखूड भरतात. मग मंद फ्लेक्सरचे आकडे जलदच्या जवळ सरकतात आणि एक्स्टेन्सरचे उगाच लांब दिसतात. असा तक्ता दिसायला अगदी देखणा येतो, म्हणून तो जास्त घातक.

पातळ थर नजरेला येत नसेल तर लुगोलचं आयोडीन द्रावण तीनचार थेंब, दोन मिनिटं, मग पाण्याने धुवा. स्नायू तपकिरी होतो, पापुद्रा फिका राहतो, तंतूंची दिशा उघडी पडते. रंग जास्त झाला तर सोडियम थायोसल्फेटच्या पातळ द्रावणाने उतरतो.

---

करंदी

आणखी एक रकाना घाला: जायंट फायबर, म्हणजे शेपटीच्या फटक्याचा आवेग नेणारे चेतारज्जूतले महाकाय चेतातंतू. लांब शेपटीच्या सगळ्या डेकॅपॉडांत असतात, शेपूट गेली की तेही जातात. स्नायू मोठा तर तार मोठी, तुलना आपोआप जुळते.

---

टेल्सन

करंदी, नेमकं इथेच घसरायला होतं. तुमचा नियम शेवंडीवर मोडतो.

क्रेफिशमध्ये चेतारज्जूच्या पाठीकडच्या भागात चार मोठे तंतू असतात, दोन मधले आणि दोन कडेचे. पुढून धोका आला की मधले पेटतात, सगळे खंड वळतात आणि प्राणी सरळ मागे फेकला जातो. शेपटीकडून धक्का बसला की कडेचे पेटतात. त्यांनी फक्त पुढचे खंड वळतात, त्यामुळे शेपटीचा भाग वर उचलला जातो आणि प्राणी कोलांटी घेतो. धक्क्यापासून स्नायू हलेपर्यंत काही थोडे मिलिसेकंद. विअर्स्माने १९४७ मध्ये दाखवलं की या तंतूतला एकच आवेग आख्खा फटका घडवतो. फर्शपॅन आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये याच तंतूच्या आणि चालक चेतापेशीच्या सांध्यावर विद्युत-सिनॅप्सचा, म्हणजे आवेग थेट विजेने पुढे जाणाऱ्या जोडणीचा, पुरावा मांडला.

याखेरीज तिसरी, जायंटविना चालणारी वाट आहे. ती सुरू व्हायला कित्येक पटींनी जास्त वेळ घेते, पण दिशा बदलता येते आणि फटके एकामागून एक मारता येतात.

आता शेवंड. कॅरिबियन शेवंड पॅनुलिरस आर्गस, तिच्यात हे महाकाय तंतू नाहीतच. चपट्या स्लीपर लॉब्स्टरांपैकी इबॅकसमध्ये नाहीत. गॅलॅथिआ आणि म्युनिडा हे स्क्वॉट लॉब्स्टरही त्यांच्याविना शेपटी मारतात. म्हणजे शेपटीत भरगच्च मांस, फटका जोरदार, आणि जायंट शून्य. हे सगळे तिसऱ्या वाटेवर चालतात. चिलखत आणि काटे असलेल्या प्राण्याला पहिल्या दहा मिलिसेकंदांची तितकी निकड उरत नसावी, असा तर्क करतात. तर्क म्हणून ठीक, तक्त्यात तो ‘कारण’ या रकान्यात नको.

दुसऱ्या टोकाला पिनिड कोळंबी, म्हणजे तुमच्या टायगर कोळंबीचं कुळ. कुरुमा कोळंबीच्या जायंट तंतूंना मायलिनसारखं (आपल्या चेतातंतूंवर असतं तसं) वेष्टण असतं आणि आवेगाचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या घरात जातो. प्राणिसृष्टीत इतका वेग मोजक्याच ठिकाणी मोजला गेला आहे. आणि तिचं शेपटीतलं मांस शेवंडीपुढे किती? बोटभर.

खंडपाद, तुमच्या पॉलिफेगससमोर थेट ‘नाही’ लिहू नका. ‘याच वंशातल्या आर्गसमध्ये नाही’ असं लिहा, किंवा स्वतः पाहा. दोन गँग्लिऑनांच्या मधला रज्जूचा तुकडा पॅराफिनमध्ये बसवून ७-८ मायक्रॉनचे आडवे छेद घ्या, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग द्या. मोठ्या क्रेफिशमध्ये ते चार तंतू शंभर मायक्रॉनच्या पुढे जातात, पाठीच्या कडेला चार रिकाम्या खिडक्यांसारखे दिसतात. नसले तर नसतात, शोधावं लागत नाही. मात्र छेद गँग्लिऑनातून गेला तर चित्र बदलतं, म्हणून तुकडा मधलाच हवा. आणि गोठवलेला नको.

---

मुठ्या

शंखातला खेकडा आणि चिंबोरी राहिलेच, त्यांच्याबद्दल.

शंखातल्या खेकड्याच्या उदराला बिजागऱ्या जवळपास उरलेल्या नाहीत. मऊ कातड्याची पिशवी, उजवीकडे वळलेली, आत द्रवाचा दाब. इथे स्नायू कवचाला नाही, दाबाला धरून काम करतात. म्हणून जे मंद, वरवरचे स्नायू कोळंबीत शोधून सापडत नाहीत, तेच इथे महत्त्वाला चढले आहेत. पोटाकडचा वरवरचा थर दिवसभर आखडलेला राहून शंखाच्या मधल्या खांबाला शरीर दाबून धरतो. शेवटी युरोपॉड, म्हणजे शेपटीच्या टोकाची उपांगं: खरखरीत गादीसारखे, डावा मोठा, खांबाला अडकवायला. तरणपादही बहुतेकांत फक्त डाव्या बाजूला. डावी-उजवी बाजू वेगळी नोंदवा, एकाच बाजूचं मोजून दुप्पट करायची सोय इथे नाही.

जलद फ्लेक्सर बारीक झालेत, पण गेलेले नाहीत. पॅग्युरस या शंखातल्या खेकड्यांच्या दुसऱ्या वंशात मधले जायंट शिल्लक आहेत, कडेचे नाहीत. याला अर्थ आहे. मागून शंखात कोण टोचणार? धोका पुढूनच. काम तेच, झटकन आकसणं, फक्त पाण्यात उडण्याऐवजी शंखात शिरण्यासाठी.

नमुना काढताना शंखातून ओढू नका. तुटतो तो नेमका उदराच्या मुळाशी. शंख बेंच व्हाइसमध्ये धरून पाव-पाव फेरा आवळा, तडा गेला की थांबा, तुकडे चिमट्याने उचला. पिशवी उघडायची ती पाठीकडच्या मधल्या रेषेवर. यकृत-स्वादुपिंड आणि जननग्रंथी दोन्ही याच पिशवीत उतरलेल्या असतात, पिवळट-तपकिरी लगदा दिसेल. तो मांस नव्हे. पिपेटने खारं पाणी सोडून धुऊन काढा.

चिंबोरी. तिची झडप म्हणजे तेच उदर, पण कामं बदललेली. नराची अरुंद, तिच्याखाली तरणपादांच्या फक्त पहिल्या दोन जोड्या, त्याही मीलनासाठी. मादीची रुंद, चार जोड्या, अंडी धरायला. आत आतडं, वर एक्स्टेन्सरच्या आणि खाली फ्लेक्सरच्या पातळ फिती. उदराची गँग्लिऑनं वेगळी नाहीतच, छातीतल्या एका मोठ्या गोळ्यात विलीन झालेली. तक्त्यात ‘स्नायू नाही’ असं कृपा करून लिहू नका. स्नायू आहे, फटका नाही. पुष्कळ खेकड्यांत झडप बंद ठेवायलासुद्धा स्नायूवर भिस्त नसते. छातीच्या तळावर दोन गाठी आणि झडपेच्या सहाव्या खंडात आतून दोन खळगे, टिचबटणासारखे बसतात. बोटाने झडप उचलताना जो हलका ‘टक’ जाणवतो तो त्यांचाच.

फिती बघायला मोठी मादी घ्या, पण अंडी धरलेली नको. झडप पूर्ण मागे उलगडून टाचण्या मारा, पोटाकडचा पापुद्रा मधोमध चिरा, वर लुगोलने सांगितलेलं आयोडीन द्या, १० ते २० पट स्टिरिओ भिंगाखाली पाहा. आयोडीनशिवाय फिती आणि पापुद्रा एकजीव दिसतात.

चिंबोरीतलं खायचं मांस छातीच्या कप्प्यांत असतं, पायांच्या मुळांचे स्नायू ते. पोहणाऱ्या खेकड्यात शेवटच्या, वल्ह्यासारख्या पायाच्या मुळाशी सगळ्यात मोठा गोळा निघतो. पोहण्याचं काम शेपटीकडून तिकडे गेलं. त्याचं वजन एका जादा रकान्यात घेतलंत तर चिंबोरीची ओळ रिकामी वाटणार नाही.

---

खंडपाद

म्हणजे गुणोत्तराचा एकच रकाना पुरणार नाही. आता असं धरतो: जलद फ्लेक्सर आणि जलद एक्स्टेन्सर वजनाने, फक्त कोळंबी आणि शेवंडीत. मंद थर आहे की नाही, कशाला चिकटलेला आणि सार्कोमिअरची लांबी, चारही प्राण्यांत. जायंट तंतू मधले आणि कडेचे वेगळे. उदराचं मुख्य काम. डावी-उजवी बाजू सारखी की नाही.

दोन शंका. पट्टे पटकन सुटे व्हावेत म्हणून कोळंबी उकळून घेतली तर चालेल का? आणि उकळल्यावर ती पोटाकडेच का वळते, फ्लेक्सर जास्त म्हणून?

---

लुगोल

उकळलेली कोळंबी पट्टे ओळखायला चांगली, मोजायला निकामी. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात कवचासकट दोन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. पट्ट्यांमधले पापुद्रे सैल होतात आणि वळसे बोटांनी उलगडता येतात. पहिली एकदोन कोळंबी अशी उकळून वाट पाठ करून घ्या, मग ताज्यावर हात घाला. वजन आणि सार्कोमिअर मात्र ताज्या किंवा टाचून पक्क्या केलेल्या नमुन्यावरच. उष्णतेने तंतू आखडतात, पाणी जातं.

वळण्याबद्दल: हो, पोटाकडे आखडणारं मांस कितीतरी जास्त आणि पाठीकडे त्याला अडवणारं थोडं. जपानी स्वयंपाकी कोळंबी सरळ ठेवायला पोटाकडून चारपाच उथळ आडवे काप देतात, किंवा उकळण्याआधी पोटाच्या बाजूने काडी खुपसतात. काप पाठीकडून दिले तर ती आणखीच वळेल. तुमच्या अहवालात हा छोटा प्रयोग चित्रासकट बसेल: एक तशीच, एक पोटाकडून कापलेली, एक पाठीकडून कापलेली, तिन्ही एकाच आकाराच्या आणि एकाच पातेल्यात.

---

मुठ्या

प्रयोग करणार असाल तर काप पोटाच्या मध्यरेषेवर खोल नेऊ नका. तिथे चेतारज्जू आहे. तो पांढरट धागा आख्खा काढून छेदांसाठी फॉर्मॅलिनमध्ये टाका, मग कोळंबी पातेल्यात जाऊ द्या.